एफएसआय १७ हजार, बांधकाम २९ हजार : पुनर्विकास आणि पर्यावरण मंजुरी

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सचिव ताईंनी विचारलं आहे : "आमची सोसायटी १९८४ ची, ७२ सभासद, भूखंड साधारण ५,००० चौरस मीटरचा. पुनर्विकासासाठी बिल्डर ठरत आलाय. त्याच्या प्रस्तावात एफएसआयमध्ये (महापालिकेच्या चटई निर्देशांकात) धरलेलं क्षेत्र १७,४०० चौरस मीटर आहे, १८० फ्लॅट आणि दोन बेसमेंट. तो म्हणतो की आपण २० हजारांच्या आत आहोत, त्यामुळे पर्यावरण मंजुरी लागत नाही. हे खरं का? आणि लागत असेल, तर त्यात आम्ही सभासदांनी काय बघायचं?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : हे खरं नाही. तुमच्या प्रकल्पाला मंजुरी लागेल, आणि ते पत्र हातात पडेपर्यंत एकाही सभासदाने घर रिकामं करू नये. मी गेली २२ वर्षं पुण्यात याच अर्जांचं काम करतोय. पुनर्विकासातली जितकी भांडणं माझ्याकडे आली, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात याच एका आकड्यापासून झालेली आहे.

केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या इमारतींना आधी मंजुरी घ्यायला लावते. ही मर्यादा एफएसआयची नाही, एकूण बांधकाम क्षेत्राची आहे. २०११ च्या दुरुस्तीत त्याची व्याख्या अगदी स्वच्छ लिहिली आहे : सगळ्या मजल्यांवरचं आच्छादित क्षेत्र, बेसमेंट आणि सेवांसाठीच्या जागा धरून. एफएसआय हा महापालिकेचा हिशेब. तिथे पार्किंग, पोडियम (इमारतीखालचा उंच चौथरा), बेसमेंट, रेफ्यूज एरिया (आग लागली तर थांबायची जागा) बाहेर राहतात. पण जमिनीला, पाण्याला आणि शेजाऱ्यांना बेसमेंट एफएसआयमध्ये धरलंय की नाही याने काही फरक पडत नाही. खोदाई तेवढीच होते, काँक्रीट तेवढंच ओतलं जातं.

तुम्ही पाठवलेल्या तक्त्यावरूनच बेरीज केली. एफएसआयचे १७,४००. दोन बेसमेंट प्रत्येकी ३,४००, म्हणजे ६,८००. पोडियमवरचं पार्किंग ३,१००. रेफ्यूज, टाक्या, सबस्टेशन, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प), पंपरूम मिळून १,९०० च्या आसपास. एकूण २९,२०० चौरस मीटर. मर्यादेच्या जवळपाससुद्धा नाही, तिच्या जवळजवळ दीडपट. जुन्या ७२ सभासदांचे फ्लॅट "पुनर्वसनाचे" म्हणून यातून वगळता येत नाहीत. आधी एक इमारत, मग दुसरी असे टप्पे पाडूनही सुटका नाही, सगळे टप्पे एकत्रच धरले जातात.

याची किंमत काय असते, ते पुण्यानेच पाहिलंय. वडगाव बुद्रुकच्या एका प्रकल्पाला ५५२ फ्लॅटची मंजुरी होती आणि बांधले गेले ८०७. एफएसआयचं क्षेत्र आणि बांधकाम क्षेत्र वेगळं, हा बचाव तिथेही मांडला गेला होता. १० ऑगस्ट २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही, आणि १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल ती भरायला लावली. त्या काळात पैसे भरून बसलेल्या कुटुंबांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

"आधी काम सुरू करू, मंजुरी मागाहून घेऊ" असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. मागाहून मंजुरीचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंद केला आणि नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. इतक्या हेलकावे खाणाऱ्या गोष्टीवर ७२ घरांनी आपलं छप्पर टांगू नये. अधिसूचनेप्रमाणे मंजुरीआधी कुंपण घालून जागा सुरक्षित करता येते, त्यापलीकडे बांधकामासाठी जमिनीची तयारीसुद्धा करता येत नाही. म्हणून विकसन करारनाम्यात घर रिकामं करण्याची तारीख पर्यावरण मंजुरीच्या पत्राला बांधून घ्या. भाड्याचा करार, मुलांच्या शाळा, वयस्कर माणसांची औषधं, सगळं त्या एका तारखेवर अवलंबून असतं.

आता प्रक्रियेबद्दल थोडक्यात. २० हजार ते दीड लाख चौरस मीटरच्या प्रकल्पाला, म्हणजे तुम्हाला, लोक ज्याला ईआयए म्हणतात तो पूर्ण आघात मूल्यांकन अहवाल लागत नाही. अर्ज, संकल्पनात्मक आराखडा आणि सविस्तर माहितीपत्रकं 'परिवेश' पोर्टलवर भरायची असतात. दीड लाखाच्या वरच्या किंवा ५० हेक्टरच्या टाउनशिपला पूर्ण अहवाल लागतो. पुण्याचे अर्ज राज्याच्या तज्ज्ञ मूल्यांकन समिती क्रमांक ३ पुढे जातात, तिथे सादरीकरण होतं, आणि शिफारशीवरून राज्य प्राधिकरण मंजुरी देतं. कागदावर समितीला ६० दिवस आणि प्राधिकरणाला ४५ दिवस दिलेले आहेत. प्रत्यक्षात समिती त्रुटी काढते, अर्ज परत येतो, पुन्हा जातो. एक वर्षाची तयारी मनात ठेवा.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. इमारतींच्या प्रकल्पांना, अगदी टाउनशिपलाही, जनसुनावणीतून सूट आहे. कारखाना येणार असेल तर गावाला मांडवात बोलावून विचारतात. तुमच्या घरावर १८० फ्लॅट उभे राहणार असतील तर कुणीही विचारायला येत नाही. त्यामुळे प्रश्न विचारण्याची वेळ एकच असते : करारनाम्यावर सही होण्याआधी, आराखडा अजून पेन्सिलीत असताना. नंतर पर्यावरण सल्लागाराला मंजूर नकाशा देतात आणि "याच्यावर अर्ज बसवा" म्हणतात. मग अर्ज नकाशाला शोभेल असा लिहिला जातो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. सभासदांच्या हातात ही ताकद आज आहे, सही झाल्यावर ती राहत नाही.

मग बघायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी पाण्याला हात घातला असता.

हिशेब साधा आहे. १८० फ्लॅट, दर फ्लॅटला पाच माणसं, म्हणजे ९०० माणसं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यात ९० लिटर ताजं पाणी आणि ४५ लिटर फ्लशसाठी, जे एसटीपीतून शुद्ध होऊन परत यायला हवं. म्हणजे रोज ८१,००० लिटर ताजं पाणी. आज तुमच्या ७२ घरांना किती लागतं ते मीटरवर बघा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. महापालिकेची लाइन तेवढं पाणी देईल का, हे लेखी विचारा. नवीन प्रकल्पांकडून "पालिकेचं पाणी पुरेपर्यंत आम्ही सोय करू" असं हमीपत्र घेतलं जातं. पण ताबा दिल्यावर बिल्डर निघून जातो आणि ती सोय टँकरच्या रूपाने सोसायटीच्या देखभाल खर्चात येऊन बसते. १० हजार लिटरचा टँकर धरला तर ८१,००० लिटर म्हणजे दिवसाला आठ टँकर. बाणेर, वाघोली, उंड्रीकडे तुमचे कुणी नातेवाईक असतील तर एप्रिल-मे महिन्यातलं त्यांचं टँकरचं बिल एकदा मागून बघा.

दुसरा अर्धा हिशेब सांडपाण्याचा. रोज लाखभर लिटरहून थोडं जास्त सांडपाणी तयार होईल. फ्लशला ४०,५०० लिटर गेलं, बागेला दोन-तीन हजार. उरलेलं साठ-पासष्ट हजार लिटर शुद्ध केलेलं पाणी कुठे जाणार, हे अर्जात लिहावं लागतं. बरेच सल्लागार तिथे "ड्रेनेज लाइनमध्ये" एवढंच लिहून मोकळे होतात. त्या लाइनचा व्यास किती, तिच्यावर आज किती इमारती आहेत, हे कुणी तपासलेलं नसतं. तुम्ही तपासायला लावा.

आणि एसटीपीची खोली. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी फार माणसं त्रासात बघितली आहेत. पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीत ताबा मिळून तीन वर्षं झाल्यावर मला बोलावलं होतं. एसटीपी दुसऱ्या बेसमेंटच्या कोपऱ्यात, उंची जेमतेम आठ फूट, हवा बाहेर जायला एकच पाइप, तोही पार्किंगमध्ये उघडणारा. टाकीतला पंप बाहेर काढायचा तर वर हुक अडकवायला जागा नाही, म्हणून बिघडलेला पंप आत तसाच पडलेला. वरच्या फ्लॅटमधून ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या, आवाजाची तक्रार होती, म्हणून वॉचमन रात्री दहाला ब्लोअर बंद करायचा. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. रात्रभर हवा बंद म्हणजे सकाळी टाकी कुजलेली. मी वायुवीजन टाकीतलं पाणी काचेच्या एक लिटरच्या नळकांड्यात भरलं आणि अर्धा तास टेबलावर ठेवलं. निरोगी टाकीत तपकिरी गाळ खाली बसतो, साधारण पंचवीस ते चाळीस टक्के उंचीपर्यंत, आणि वर नितळ पाणी दिसतं. इथे अर्ध्या तासाने पण सगळं नळकांडं सारखंच राखाडी. समितीतल्या काकू नाकाला पदर लावून शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे आम्ही तीन वर्षं पैसे कशाचे भरतोय?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ती खोली नकाशावर असताना दोन फूट उंच करायला फारसा खर्च आला नसता. आता ती होणारच नाही.

म्हणून नकाशा बघताना एसटीपीच्या खोलीवर बोट ठेवा. उंची किती, हवा कुठून कुठे जाते, पंप कसा उचलायचा, जनरेटरवर ब्लोअर चालतो का, दुहेरी नळयोजना (ताज्या आणि शुद्ध केलेल्या पाण्याचे वेगळे नळ) खरोखर प्रत्येक फ्लशच्या टाकीपर्यंत काढली आहे का. मंजुरीच्या पत्रातल्या वापराच्या काळाच्या अटी ताबा दिल्यावर तुमच्याच सोसायटीने पाळायच्या असतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने एसटीपी बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांना नोटिसा दिल्या, त्या बिल्डरांना नव्हत्या, सोसायट्यांना होत्या.

पाण्यानंतर पाऊस. ५,००० चौरस मीटरवर तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुण्यात परतीच्या पावसात तसा पडतो, तर ते ३ लाख लिटर पाणी होतं. आज तुमच्या आवारात माती आहे, पेरूची-नारळाची आळी आहेत, थोडं मुरतं, थोडं रेंगाळतं. उद्या काठापासून काठापर्यंत बेसमेंट आलं की ते सगळं काही मिनिटांत रस्त्यावर येईल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत काय केलं ते आपण विसरलेलो नाही. तो पूर एका इमारतीमुळे आला नव्हता. पण वरच्या प्रत्येक भूखंडाने आपलं पाणी लवकरात लवकर बाहेर ढकललं, ओढ्याची रुंदी मात्र कमी कमी होत गेली. कोथरूडलाही टेकड्यांवरून उतरणारे ओढे आहेत, काही आज रस्त्याखाली पाइपात गेलेत. जुना गाव नकाशा काढा आणि तुमच्या भूखंडाजवळून कोणती रेष जाते ते बघा. भूखंड नदीजवळ असेल तर पाटबंधारे खात्याची निळी रेषा, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन्ही नकाशावर हव्यात.

यावर सगळे एकच उत्तर देतात : पुनर्भरण खड्डे. नकाशाच्या चार कोपऱ्यांत चार गोल काढले की काम झालं असं समजतात. पुण्याखाली काळा पाषाण आहे. तो जिथे भेगाळलेला किंवा झिजलेला आहे तिथे पाणी घेतो, जिथे अखंड आहे तिथे थेंबही घेत नाही. बावधनकडच्या एका भूखंडावर आम्ही नकाशा पक्का होण्याआधी चार चाचणी खड्डे खणले. सकाळी नऊला पाणी भरलं. दोन खड्ड्यांत संध्याकाळी पाचपर्यंत पाणी चार बोटंच उतरलं. तिसऱ्यात थोडं बरं. चौथा जुन्या विहिरीजवळचा, तो ४० मिनिटांत रिकामा. नेमका तिथेच बेसमेंटचा रॅम्प दाखवलेला होता. वास्तुविशारद समजूतदार होता, त्याने रॅम्प दुसऱ्या बाजूला फिरवला आणि विहिरीभोवतीची जमीन उघडी ठेवली. आजही तिथलं बोअरचं पाणी मार्चच्या पुढे टिकतं. दोन मजुरांचं एक दिवसाचं काम होतं ते. मंजुरीनंतर तोच रॅम्प हलवायचा म्हटलं तर नवा अर्ज करावा लागला असता.

त्याच कारणासाठी "पोडियमवरची बाग" हिरवी जागा म्हणून मान्य करू नका. युडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडाला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती खऱ्या जमिनीवर मागा, जिच्याखाली स्लॅब नाही अशी. पोडियमवर दोन फूट मातीत गवत उगवतं, पिंपळ उभा राहत नाही आणि पाणी मुरत नाही.

झाडांची यादी तुमची तुम्ही करा, कुणावर सोपवू नका. एका रविवारी सगळ्यांनी मिळून टेप घ्यायचा, छातीच्या उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर मोजायचा, नंबर टाकायचा, फोटो काढायचा. बिल्डरच्या यादीत "सुबाभूळ" म्हणून आलेलं झाड फणसाचं निघालेलं मी पाहिलंय. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी नवी झाडं लावावी लागतात, आणि ५० वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं. सोसायटी १९८४ ची असली तरी कोथरूडच्या शेतांच्या बांधावरची एखादी चिंच किंवा आंबा त्याआधीचा असू शकतो. पुनर्रोपणावर माझा फारसा विश्वास नाही. मोठं झाड मुळं तोडून ट्रकवर चढवलं की पहिल्या पावसाळ्यात पालवी फुटते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाळतं. झाड जिथे आहे तिथे ठेवून बेसमेंटची कड मागे घ्या. ते आकारात बसतं का, हे पेन्सिलीच्या टप्प्यावरच कळतं.

खोदाईचाही हिशेब मागा. ३,४०० चौरस मीटर गुणिले सात मीटर खोली म्हणजे २३,८०० घनमीटर. दगड-मुरूम सुटा झाला की फुगतो. चार ब्रासच्या डंपरने साधारण तीन हजार खेपा होतील. त्या तुमच्या गल्लीतून, शाळा सुटायच्या वेळेला जाणार का, आणि तो माल नेमका कुठे पडणार? कुठल्या तरी ओढ्याच्या काठावर की परवानगीच्या जागेवर? ब्रेकर सकाळी किती ते संध्याकाळी किती चालणार? बेसमेंटमध्ये झरे लागले तर पंपाने उपसलेलं पाणी कुठे सोडणार, आणि शेजारच्या बोअर कोरड्या पडल्या तर कोण जबाबदार? हे प्रश्न करारनाम्यात लिहूनच घ्या.

हवेच्या तपासणीची पानं अर्जात पुष्कळ असतात. त्यांनी निर्णय बदललेला मी क्वचित पाहिला. बांधकामाच्या वेळी गेटवर चाकं धुण्याची सोय, मालावर ओलं आच्छादन आणि दिवसातून ठरलेल्या वेळी पाणी मारणं, एवढं पक्कं झालं तर शेजाऱ्यांना त्याचा जास्त उपयोग होईल. वाहतुकीच्या अभ्यासात फक्त सकाळी साडेआठ ते दहाचे आकडे बघा.

मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातलं एक मराठीत, जाहिरात द्यावी लागते. तुम्हाला किंवा शेजाऱ्यांना हरकत असेल तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. त्याची प्रत सोसायटीला मिळेल, असं एक वाक्य करारनाम्यात घाला. ताबा घेताना या सगळ्या प्रती एका फाइलमध्ये लागतात, आणि त्या वेळी मागितल्या तर मिळत नाहीत.

तुमची विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे असं लिहिलंय. सभेआधी बिल्डरकडून क्षेत्राचा पूर्ण तक्ता मागा : मजलावार, बेसमेंट-पोडियम धरून, वास्तुविशारदाच्या सहीने. सोबत पाण्याचा ताळेबंद आणि एसटीपीच्या खोलीचा उभा छेद. चाचणी खड्डे तुमच्या परवानगीशिवाय खणता येणार नाहीत, ती परवानगी याच सभेत द्या. खड्डे खणायला ऑक्टोबरनंतरचे दिवस बरे, जमीन पावसाने भिजून गेलेली असते आणि खरी परिस्थिती दिसते.